काळ्या खुर्चीवर काही ठेवायचं नसतं

प्रतिभाताई गेल्याचा फोन आला तेव्हा मी परभणीतल्या एका छापखान्यात उभा होतो आणि मालकाशी हुज्जत घालत होतो. माझ्या पत्रकातला ‘जाहीर निषेध’ त्यानं इतक्या बारीक अक्षरात लावला होता, की तो निषेध न वाटता एखाद्या जाहिरातीखालची अट वाटत होता. शाळकरी मुलींच्या एसटीच्या फेऱ्या बंद केल्या होत्या, त्याबद्दलचं ते पत्रक. फोन मावशीचा होता. मावशी म्हणजे ताईची आई. आवाज अगदी सपाट. “संदीप, प्रतिभा गेली रे. सकाळी डोकं लय दुखायलंय म्हणली, अन् दुपारी शुद्धच गेली.” मेंदूत रक्तस्राव झाला होता. दवाखान्यात नेईपर्यंत संपलं होतं. मी फोन ठेवला, आणि छापखान्याचा मालक म्हणाला, “मग, ठेवू का अक्षर मोठं?” मी ‘ठेवा’ म्हणालो. का म्हणालो कुणास ठाऊक. मला पहिल्यांदा दुःख झालं नाही, राग आला. आम्ही चळवळीतली पोरं. काही झालं की कुणाला तरी जाब विचारायचा, निवेदन द्यायचं, दारात बसायचं, एवढंच आम्हाला येतं. इथं कोणाच्या दारात बसू? चाळिशी न गाठलेली बाई सकाळी डबा भरते आणि संध्याकाळी नसते, याचं निवेदन कोणत्या टेबलावर द्यायचं...

ताई माझी मावसबहीण. गाव चुडावा. वडील रेल्वेत रुळांच्या कामावर होते, ती लहान असतानाच गेले. मावशीनं दोघा लेकरांना शिकवलं. ताई कॉम्प्युटरमध्ये एम. एस्सी. झाली, प्राध्यापकाच्या नोकरीला लागते ती पात्रता परीक्षा पास झाली, आणि पूर्ण्याच्या एका कॉलेजात ‘तासिका तत्त्वावर’ लागली. ज्यांना हा शब्द माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. तासिका तत्त्व म्हणजे जेवढे तास शिकवाल तेवढंच तुमचं अस्तित्व. उन्हाळ्याच्या सुट्टीत तुम्ही नसता. दिवाळीत नसता. जूनमध्ये पुन्हा मुलाखत द्यायची, आणि ज्या वर्गाला गेल्या वर्षी शिकवलं त्याच वर्गाला शिकवण्याची लायकी आपल्यात आहे का, हे तीन माणसांसमोर नव्यानं सिद्ध करायचं. ताईनं हे किती वर्षं केलं ते मी लिहीत नाही. तिचे पहिले विद्यार्थी आता तिच्यासमोर मुलाखत घेणाऱ्यांच्या रांगेत बसले होते, एवढं लिहितो. मी तिच्या बाजूनं वर्षानुवर्षं संतापलो. ती स्वतः संतापायची नाही. याचाही मला संताप यायचा.

एकदा मी धरण्याची पत्रकं द्यायला तिच्या कॉलेजात गेलो. तासिकावाल्या सगळ्या शिक्षकांनी एक दिवस बसायचं ठरलं होतं. प्रयोगशाळेच्या दारात पोचलो तर आत गोंधळ. वीज गेलेली, कॉम्प्युटर बंद, टेबलं भिंतीला सरकवलेली आणि मधे पोरं-पोरी उभी. सगळ्यांच्या दोन्ही हातांत सुतळ्या. एक पोरगा पुढे उभा, त्याच्या डाव्या हातातली सुतळी मागच्या एकाकडे, उजव्या हातातली दुसरीकडे, त्या दोघांच्या हातांतल्या आणखी मागे. कोपऱ्यात एक लोखंडी खुर्ची, काळ्या रंगानं रंगवलेली. ज्या ज्या हातांना मागं धरायला माणूस नव्हता, त्या सगळ्यांच्या सुतळ्या त्या एकाच खुर्चीला बांधलेल्या. खुर्ची म्हणजे जत्रेतला नवसाचा खांब झाली होती. मी म्हणालो, “ताई, हे काय करायलीस?” ती वळूनही न बघता म्हणाली, “झाड लावायले. दारातून बाजूला हो, उजेड येऊ दे.”

ते झाड म्हणजे माहिती साठवण्याची एक पद्धत. मला कॉम्प्युटरमधलं ओ की ठो कळत नाही, पण ताईनं समजावलं ते विसरलो नाही, म्हणजे तुम्हालाही कळेल. प्रत्येक माणूस म्हणजे एक नोंद. नावाच्या अक्षरानुसार आधीची नावं डावीकडे, नंतरची उजवीकडे. त्यामुळे कोणालाही शोधायचं तर सगळ्यांना विचारत बसावं लागत नाही. पुढच्याला विचारायचं, डावीकडे की उजवीकडे, आणि चालत राहायचं. पण नोंदी येतात-जातात आणि झाड एका बाजूला कलतं. कललं की शोध लांबतो. म्हणून तोल सांभाळायचा. कोणी खाली जातो, कोणी वर येतो, सुतळ्या या हातातून त्या हातात जातात. तोल कळावा म्हणून प्रत्येकाला लाल किंवा काळा रंग. पोरांच्या मनगटाला तशा रिबिनी बांधलेल्या होत्या. आणि या सगळ्या अदलाबदलीत प्रोग्रॅम जिथं हमखास कोसळतो, ती जागा म्हणजे रिकामा हात. “समोर कोणी हाय का, हे दर वेळी विचारावं लागतं,” ताई म्हणाली, “अन् माणूस एखाद वेळी विचारायचं विसरतो. विसरला की गेला. म्हणून ही खुर्ची. कोणाचाच हात रिकामा ठेवायचा न्हाई. ज्याला कोणी न्हाई त्याला खुर्ची.” पुस्तकात तिला सेंटिनेल म्हणतात, म्हणजे पहारेकरी. तिचा रंग कायम काळा. तिच्यावर नाव नाही, नोंद नाही. साऱ्या झाडाला मिळून ती एकच.

मग तिनं खडू घेतला आणि खुर्चीच्या पाठीवर माझं नाव लिहिलं. “शोधा, संदीप.” पुढं माधव नावाचा उंच पोरगा होता. तो ओरडला, “स म्हणजे माझ्या उजवीकडं!” उजवीकडे शीतल. ती म्हणाली, “अजून उजवीकडं!” आणि तिच्या उजव्या हातातली सुतळी खुर्चीशी गेली. खुर्चीवर माझं नाव. “सापडला!” सगळे एका सुरात. ताईनं विचारलं, “कुठं?” “खुर्चीवर!” “मग?” “न्हाई मॅडम!” आणि सगळा वर्ग माझ्याकडं बघून हसला. मी दारात, हातात पत्रकांचा गठ्ठा. ताई म्हणाली, “बघ, तू कधी आतच येत न्हाईस. कायम दारात.”

मला ती लबाडी वाटली. मी म्हणालोही. शोधायचं ते नाव आधीच शेवटी लिहून ठेवायचं आणि मग सापडलं म्हणायचं? ही तर सरकारी चौकशी झाली. ती म्हणाली, “तसं न्हाई रे बाबा. नाव तिथं लिहिलं की शोध नक्की कुठंतरी थांबतो. वाटेत दर पावलाला ‘संपलं का, संपलं का’ विचारायचं काम राहत न्हाई. शेवटी एकच प्रश्न. कुठं सापडलं? माणसात, का खुर्चीवर? खुर्चीवर सापडलं तर तो माणूस इथं न्हाई. नाव पुसायचं अन् खुर्ची पुन्हा मोकळी करायची.” पत्रकं तिनं ठेवून घेतली. धरण्याला आली नाही. तासिका बुडाली असती म्हणाली... पोरांचा प्रयोग व्हायचा होता.

त्या खुर्चीवर कोणी बसायचं नाही, काही ठेवायचं नाही, हा तिचा नियम. एकदा प्राचार्य पाहणीला आले आणि दमून तिच्यावर टेकले. ताई म्हणाली, “सर, उठता का? तिथं कोणी नसतं.” पोरं हसली. प्राचार्य उठले, पण हसले नाहीत. पुढं कधीतरी कागद अडला की ते म्हणत, “मॅडम, आमच्यासारख्यांना तुमच्याकडं बसायला जागा कुठं असते.” गोष्ट साधी होती, पण अशा साध्या गोष्टी आपल्याकडे जूनच्या मुलाखतीपर्यंत जिवंत राहतात.

आता मी मुद्द्यावर येतो, कारण हा लेख मी ‘किती छान होत्या’ हे सांगायला घेतलेला नाही. गेल्या परीक्षेत नाजियाचं प्रकरण झालं. नाजिया म्हणजे ताईची शेवटच्या वर्षाची विद्यार्थिनी. राहणार पूर्ण्यातच, बोलायला फटकळ, पुढे एमसीए करायचं ठरवून बसलेली. प्रात्यक्षिकाला तिला हेच झाड आलं. तिनं ते ताईच्या पद्धतीनं, खुर्चीसकट, लिहिलं. चालवून दाखवलं. नोंदी घातल्या, काढल्या, झाड तोलात राहिलं. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी कागद पाहिला आणि एका ओळीवर बोट ठेवलं. नोंद काढून टाकताना नाजियानं त्या सेंटिनेलला वरच्या माणसाशी जोडलं होतं.

हे जोडणं का लागतं, ते ताईनं मला सुतळीनिशी दाखवलं होतं. झाडातला एखादा माणूस गेला की त्याच्या जागी पुष्कळदा दुसरं कोणी नसतं, तिथं खुर्चीच येते. पण माणूस गेल्यानं झाडाचा तोल गेलेला असतो, आणि तो सावरायला नेमकं त्याच जागेपासून वर चालत जावं लागतं. म्हणजे खुर्चीला, निदान तेवढ्या वेळापुरतं, ठाऊक असावं लागतं की आपण कोणाच्या हाताखाली आलो आहोत. तेवढ्या वेळापुरती खुर्चीकडून वरच्या माणसाकडे एक सुतळी. काम झालं की तिचा काही उपयोग नाही. वरच्या नोंदीला कॉम्प्युटरच्या भाषेत बाप म्हणतात. परीक्षक म्हणाले, “हे चूक आहे. रिकाम्याला बाप कसा असेल?” आणि स्वतःच हसले. नाजिया म्हणाली, “सर, रिकामं न्हाई ते. सेंटिनेल हाय. चालवून बघा की.” ते म्हणाले, “चालतंय म्हणजे बरोबर असं नसतं. पानाच्या पुढं नल पाहिजे. पुस्तकात तसं आहे.” पान म्हणजे झाडाच्या टोकाची नोंद, आणि नल म्हणजे खुर्चीही नाही, नुसता रिकामा हात. त्यांच्या पुस्तकात तसंच होतं. दुसऱ्या पुस्तकात असंही आहे, हे ऐकायला ते थांबले नाहीत, त्यांना गाडी गाठायची होती. नाजियाला त्या विषयात नापास केलं. खुर्ची वापरणाऱ्या बाकीच्यांचे गुण कापले, पण बुडाली ती एकटी, कारण हुज्जत घातली ती एकटीनं.

सगळ्यांनी तिला एकच सल्ला दिला. पुन्हा बस परीक्षेला, ते म्हणतात तसं नल लिही, पास हो, विषय संपव. कॉलेजनं हेच सांगितलं. तिच्या घरच्यांनीही. मला यातलं सगळ्यात चीड आणणारं हे वाटतं, की सल्ला शहाणपणाचा होता. ताईनं मात्र तिला सांगितलं, “तुझं वर्ष हाय, तूच ठरव. पण उत्तर बरोबर हाय. हे मी कुठंही येऊन सांगते.” नाजिया म्हणाली, “मॅडम, बरोबर यायला लागल्यावर चूक कशी लिहू?” आणि ताईनं परीक्षा विभागाला अर्ज केला. तीन ओळी आणि एक आकृती. विद्यार्थिनीचे उत्तर बरोबर आहे. कृपया तपासून घ्यावे. मी समक्ष चालवून दाखवण्यास तयार आहे. बस. ना छळ, ना अन्याय, ना तासिकावाल्यांची कुचंबणा. अर्ज कॉलेजमार्फत जायचा होता, त्यामुळे तो प्राचार्यांच्या टेबलावर पडून राहिला. ते तिला गोड आवाजात म्हणाले, “मॅडम, पुढच्या वर्षी तासिका कमी येतील असं कानावर आहे. बघा, कशाला एवढ्याशा गोष्टीसाठी.” ती म्हणाली, “सर, सही करा.” त्यांनी केली, पण आठवडे घालवून.

आमची शेवटची भेट त्याच दिवसांतली. पूर्ण्याच्या स्टेशनवर, चुडाव्याच्या पॅसेंजरची वाट बघत. मी पत्रकाचा कच्चा मजकूर घेऊन गेलो होतो. मला वाटत होतं, यापेक्षा चांगलं पत्रक मी आयुष्यात लिहिलेलं नाही. मथळा होता, ‘आम्ही सेंटिनेल!’ खाली, ज्यांचं नाव कुठल्याच यादीत नाही, ज्यांच्या जागेला किंमत नाही, पण ज्यांच्यावाचून सगळी शिक्षणव्यवस्था कोसळते, ते तासिका शिक्षक म्हणजे... असं बरंच. ताईनं बाकावर बसून पूर्ण वाचलं. पर्समधून पेन काढलं. मला वाटलं, एखादा शब्द सुचवेल. तिनं मथळ्यावर आडवी रेघ मारली.

“खोटं हाय,” ती म्हणाली.

“काय खोटं हाय? तुला कायम केलंय का त्यांनी? एक शब्द खोटा दाखव.”

“सेंटिनेलला कोणी राबवत न्हाई रे, संदीप. त्याला नुसतं असावं लागतं. मला नुसतं असून भागत न्हाई. मला रोज शिकवावं लागतं. अन् सेंटिनेल मुद्दाम ठेवतात, इचार करून, जपून. मला कोणी इचार करून ठेवलंय?”

“मग हेच लिहितो की!”

“लिही. पण माझ्यावर लिही, नाजियाच्या उत्तरावर नको. तुझ्या पत्रकात तिचं उत्तर गायब व्हायलंय. तुला माझी गोष्ट पाहिजे. मला तिचा निकाल पाहिजे.”

मी चिडलो. म्हणालो, “ताई, तू भित्री हायस. एका पोरीच्या मार्कांसाठी भांडशील, स्वतःसाठी कधी भांडणार न्हाईस, म्हणून तर ते तुला दर जूनमध्ये नाचवतात.” ती हसली. म्हणाली, “भित्री असते तर नल शिकवलं असतं. सोपं हाय, पुस्तकात हाय, परीक्षकाला कळतं.” मग गाडीची घोषणा झाली आणि ती उठली. डब्यात चढताना म्हणाली, “पुढच्या आठवड्यात मी स्वतःच जाऊन येते परीक्षा विभागात. लॅपटॉप घेऊन. समोर चालवून दाखवते, बघू कसे न्हाई म्हणतात.” खिडकीतून तिनं माझाच कागद मला परत दिला. “मागची बाजू कोरी हाय, वापर.” ती तशी काटकसरी होती. मी कागदाचा बोळा करून खिशात घातला. गाडी गेली. पुढच्या आठवड्यात ती नव्हती.

कॉलेजनं शोकसभा घेतली. मी गेलो, कारण मावशीनं ‘जा’ म्हटलं. भाषणं ऐकली. ‘संस्थेचा आधारस्तंभ’. ‘आमच्या परिवारातल्या सदस्य’. परिवार! ज्या परिवारानं एका जूनमध्येही तिला मुलाखतीशिवाय घरात घेतलं नाही. पण उठून बोलावं अशी ती जागा नव्हती. मावशी पुढच्या रांगेत पदर डोक्यावर घेऊन बसली होती आणि प्रत्येक भाषणानंतर वक्त्याला हात जोडत होती. आणि माझी नजर समोर गेली. प्रयोगशाळेतच सभा होती. ताईचा फोटो, हार, पुढं मेणबत्ती. फोटो ठेवायला त्यांना काहीतरी लागलं असणार. कोपऱ्यातून ती काळी खुर्ची ओढून आणली होती. पायांना सुतळ्यांच्या गाठी तशाच. कोणीतरी टोकं कापून टाकली होती, दिसायला बरं दिसावं म्हणून.

मी सांगतो, माझ्या अंगाचा तिळपापड झाला. सगळ्या आयुष्यात जिनं एका खुर्चीबद्दल एकच नियम केला, तो नियम तिच्याच शोकसभेत मोडला, आणि मोडणाऱ्याला ते ठाऊकही नव्हतं. त्या दिवशी मावशीकडं बघून मी गप्प बसलो. पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला, चुडाव्यात, मावशीच्या अंगणात भन्तेजी बुद्धवंदना घेत असतानासुद्धा माझ्या डोक्यात ती खुर्चीच होती.

त्यानंतर पत्र आलं. परीक्षा विभागाचं, कॉलेजच्या नावानं, ताईच्या अर्जाचा संदर्भ देऊन; कॉलेजनं तिच्या घरचा म्हणून त्याची प्रत माझ्या हाती दिली. अर्जदार अध्यापिका हयात नसल्याने सदर प्रकरण निकाली काढण्यात येत आहे. मी हे वाक्य पुन्हा पुन्हा वाचलं. मी सरकारी मराठीशी रोज भांडतो, मला वाटायचं तिची सगळी रूपं मी पाहिली आहेत. उत्तर बरोबर होतं की चूक? त्याबद्दल एक अक्षर नाही. अर्ज करणारी मेली, म्हणून उत्तर संपलं. ताईच्या भाषेत सांगायचं तर एक नोंद गेली आणि यांनी अख्खं झाड मोडून सरपण केलं. कोणी वर चालत जाऊन तोल सावरायची तसदी घेतली नाही. मावशीला मी ते पत्र दाखवलं नाही. नाजियाला दाखवणं भाग होतं. परीक्षेचा अर्ज भरायची मुदत संपत आली होती. नल लिहून पास व्हायचं की नाही, हे तिला ठरवायचं होतं.

कॉलेजात गेलो तेव्हा प्रयोगशाळेत तिघं होती. माधव, गजानन नावाचा एक गप्प पोरगा, आणि नाजिया. फोटो अजून त्या खुर्चीवरच. हार वाळलेला. कोणाला उचलायचं धाडस झालं नव्हतं. मी पत्र नाजियाच्या हातात दिलं. तिनं वाचलं आणि नीट घडी घातली. ती नीट घातलेली घडी मला सोसवेना. मी तरातरा खुर्चीकडे गेलो. “हे आधी काढा इथून! एवढी वर्षं शिकलात ना तिच्याकडं? या खुर्चीवर काही ठेवायचं नसतं, एवढं तरी कळत न्हाई का तुमाला?”

“राहू द्या, दादा,” नाजिया म्हणाली.

“काय राहू द्या?”

“काही ठेवायचं नसतं, हे खरं. पण शोधताना ठेवायचं असतं. तुमी व्हतात की तवा. तुमचंच नाव व्हतं खुर्चीवर.”

ती उठली. माधवला म्हणाली, “उभा राहा.” तो उभा राहिला, पुढं, जिथं तो नेहमी असे. गजानन त्याच्या डाव्या हाताला, मागे. नाजिया गजाननच्या उजव्या हाताला. शीतल आली नव्हती, तिच्या जागी मला उभं केलं. सुतळ्या कापलेल्या होत्या, म्हणून नुसते हात धरले. खुर्ची नाजियाच्या उजवीकडे होती, हाताच्या अंतरावर. हे काय चाललंय, असं मी विचारणार होतो. पण पोरांचे चेहरे चाचणी परीक्षेला असतात तसे होते, आणि मी पहिल्यांदाच दारात नव्हतो.

“शोधा,” नाजिया म्हणाली. “प्रतिभा.”

माधव म्हणाला, “प... माझ्या डावीकडं.”

गजानन म्हणाला, “माझ्या उजवीकडं.”

नाजिया म्हणाली, “न च्या पुढं प. माझ्याबी उजवीकडं.” आणि तिनं उजवा हात लांब केला. हात खुर्चीच्या पाठीला लागला. फोटोला लागला.

“सापडल्या,” माधव हळू म्हणाला.

आणि नाजियानं, ताई विचारायची अगदी तसंच, मान किंचित वाकडी करून विचारलं, “कुठं?”

तिनं माझ्याकडं पाहिलं. चौकाचौकांत माईक हातात घेऊन बोलणारा मी. म्हणालो, “खुर्चीवर.”

“मग न्हाईत,” नाजिया म्हणाली. आणखी थोडा वेळ तिचा हात तिथंच होता. मग तिनं फोटो उचलला, वाळका हार काढला, फोटो भिंतीच्या खिळ्याला लावला, आणि ओढणीच्या टोकानं खुर्ची पुसली. पुसताना रडली. मोठ्यानं रडली. माधव खिडकीकडं तोंड करून उभा राहिला. मला तेव्हा काय वाटलं ते नीट सांगता येत नाही. मला अजूनही हे पटलेलं नाही. मला आरडाओरडा पाहिजे होता, दारात बसायचं होतं, त्या पत्राची होळी करायची होती, आणि ही पोरगी खुर्ची पुसत होती.

डोळे कोरडे झाल्यावर तिनं पत्र पुन्हा उघडलं. ‘अर्जदार हयात नसल्याने’ या शब्दांवर बोट ठेवून म्हणाली, “दादा, हे बरोबर लिहिलंय त्यांनी. मॅडम न्हाईत. आता अर्ज माझ्या नावानं लिहा. मी हाय ना.”

“परीक्षेचा अर्ज?”

“त्यो न्हाई. तपासायचा.”

“वर्ष जाईल, नाजिया.”

“जाऊ द्या. पण तुमच्या पत्रकासारखं लिहू नका. मॅडमसारखं लिहा. तीन ओळी.”

मी खिसे चाचपले. स्टेशनवर घातला होता तोच शर्ट अंगावर होता, आणि त्याच्या खिशात तो बोळा, धुण्यातून कसाबसा वाचलेला. मी तो उलगडला, माझ्या मथळ्यावरची तिची आडवी रेघ दिसली, आणि मी कागद उलटा केला. मागची बाजू कोरीच होती. विद्यार्थिनीचे उत्तर बरोबर आहे... असं लिहिलं, तर नाजिया म्हणाली, “विद्यार्थिनीचे न्हाई. माझे.” मी खोडलं. माझे उत्तर बरोबर आहे. कृपया तपासून घ्यावे. मी समक्ष चालवून दाखवण्यास तयार आहे. विशेषणांची मला सवय, पण तिनं एकही घालू दिलं नाही.

सभेसाठी सरकवलेली टेबलं अजून भिंतीला होती, त्यांच्यावर झाकलेले कॉम्प्युटर. कागद माधवच्या पाठीवर ठेवून मी उभ्यानंच लिहिलं, नाजियानं उभ्यानंच सही केली. हाताच्या अंतरावर खुर्ची होती, पुसलेली, काळी, मोकळी. तिच्यावर कोणी बसलं नाही.